तांबट आळीतला बारकोड : तेरा आकड्यांचा इतिहास (थ्रेड)

१/
पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत बारकोड स्कॅनर बसवताना पहिली अडचण कोणती येते? स्कॅनरची बीप ऐकूच येत नाही. समोरच्या कारखान्यात हातोडीचा ठोका अखंड सुरू असतो, आणि त्या नादात हे इवलेसे यंत्र काय बोलले ते कळायला मार्ग नसतो. आजचा थ्रेड या यंत्राविषयी, आणि ज्या वस्तूंवर ते चालत नव्हते त्या वस्तूंविषयी.

२/
प्रसंग घरगुती आहे. आमच्या परिचयातील एक काका तांब्या-पितळेच्या भांड्यांचे दुकान चालवतात. गेल्या दिवाळीआधी त्यांनी हाती धरायचा स्कॅनर विकत आणला आणि तो तीन आठवडे खोक्यातच राहिला. इतिहासात एम. ए. करणाऱ्या मुलीला मोडी येते, म्हणजे संगणकही येत असणार, अशा विलक्षण तर्काने ते काम माझ्याकडे आले.

३/
प्रथम एक गैरसमज दूर करू. स्कॅनरला किंमत कळत नाही. वस्तूचे नाव कळत नाही. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांत असते ती केवळ एक संख्या. बाकीचे सारे दुकानदाराच्या यादीत. पेशवे दफ्तरात काम केलेल्यांना हे लगेच उमगेल. रुमालावरचा क्रमांक आपल्याला फडताळापर्यंत नेतो, आत कोणाचे पत्र आहे ते सांगत नाही. यादी हरवली तर क्रमांक मुका.

४/
मग स्कॅनर संगणकाला जोडला की नेमके काय होते? तो स्वतःची ओळख कळफलक म्हणून करून देतो. पट्ट्या वाचतो आणि जणू कोणी बोटांनी टंकावे तसे आकडे कर्सरपाशी उमटवतो. म्हणूनच त्याला सहसा वेगळे सॉफ्टवेअर लागत नाही. यूएसबी १९९६ मध्ये आली. त्यापूर्वी कळफलकाची वायर काढून मध्ये एक डबी बसवत, एका बाजूला कळफलक, दुसऱ्या बाजूला संगणक. इंग्रजीत या जोडणीला जे नाव पडले त्याचा सरळ अर्थ 'पाचर'. सुताराची असते तीच.

५/
या पाचरीने आम्हाला पहिल्याच दिवशी अडकवले. काकांनी कळशीसाठी स्वतःच एक खूण ठरवली होती : इंग्रजी के, एल आणि पुढे आकडे. चिठ्ठी छापली, स्कॅनर रोखला, आणि पडद्यावर अक्षरे उमटली : 'खथ'.
काका म्हणाले, "अगं, हे काय मोडी झालं की काय?"

६/
मोडी नव्हे, इनस्क्रिप्ट. काकांचा संगणक मराठी कळफलकावर होता. स्कॅनर अक्षर पाठवत नाही, कोणती कळ दाबली तेवढेच पाठवतो. आणि इनस्क्रिप्टमध्ये शिफ्टसह के म्हणजे ख, एल म्हणजे थ. भाषा इंग्रजीवर आणली आणि दोष मिटला. पण मन थोडे खट्टू झाले. दुकानांत सर्वत्र आढळणाऱ्या या रेघांच्या बारकोडांत देवनागरीला जागाच नाही. १९७४ चा 'कोड ३९' इंग्रजी मोठी अक्षरे, आकडे आणि काही चिन्हे जाणतो. १९८१ चा 'कोड १२८' इंग्रजी कळफलकावरची सारी अक्षरे. त्यापलीकडे नाही.

७/
आता 'प्रोग्रॅमिंग'. शब्द भारदस्त, प्रत्यक्षात काम गमतीचे. स्कॅनरसोबत एक पुस्तिका येते आणि तिच्यात आज्ञाच बारकोडच्या रूपात छापलेल्या असतात. 'सेटिंग सुरू' वाचवा, 'शेवटी एंटर जोड' वाचवा, 'सेटिंग समाप्त' वाचवा. यंत्र जे वाचते त्यातूनच शिकते. शेजारचा कोड चुकून वाचला जाऊ नये म्हणून तो कागदाने झाकावा. आणि 'मूळ स्थितीवर आण' हा कोड कोठे आहे ते आधी शोधून ठेवावे. मी नंतर शोधला.

८/
'शेवटी एंटर' ही सर्वांत उपयोगाची आज्ञा. ती नसेल तर पहिल्या भांड्याचा क्रमांक आणि दुसऱ्याचा क्रमांक एकाच ओळीत चिकटतात. कीर्दीत ओळ बदलायची असते हे मुनिमाला कोणी शिकवत नाही. यंत्राला शिकवावे लागते. बीपचा आवाजही अशाच एका कोडने सर्वांत मोठा केला. तरीही हातोडीच जिंकली.

९/
हे सारे सुरू कोठे झाले? १९४८, फिलाडेल्फिया. एका किराणा साखळीचा प्रमुख ड्रेक्सेल संस्थेच्या डीनकडे गेला : गल्ल्यावर मालाची माहिती आपोआप वाचता येईल अशी युक्ती काढा. डीनने नकार दिला. बर्नार्ड सिल्व्हर या तरुणाने ते संभाषण ऐकले आणि नॉर्मन जोसेफ वुडलँड या मित्राला सांगितले. वुडलँड मायामीच्या समुद्रकिनारी बसून विचार करत होते. त्यांना मोर्सची बिंदू-रेघांची लिपी येत होती. वाळूत बोटे टेकवून ती त्यांनी स्वतःकडे ओढली. बिंदूंच्या बारीक रेघा झाल्या, रेघांच्या जाड पट्ट्या.

१०/
२० ऑक्टोबर १९४९ रोजी अर्ज, ७ ऑक्टोबर १९५२ रोजी पेटंट. त्यात त्यांची पसंती होती वर्तुळांना, म्हणजे कोणत्याही बाजूने वाचता यावे. वाचक यंत्रात ५०० वॅटचा दिवा होता. त्याच्या उष्णतेने कागद धुमसू लागला. लेसर अजून जन्माला यायचा होता (१९६०), स्वस्त संगणकही. पेटंट १५ हजार डॉलरला विकले गेले. सिल्व्हर १९६३ मध्ये ३८ व्या वर्षी वारले आणि १९६९ मध्ये पेटंटची मुदतही संपली. कल्पना काळाच्या पुढे असणे म्हणजे काय, ते या तारखांत दिसते.

११/
पुढे आयबीएममध्ये जॉर्ज लॉरर यांनी वर्तुळ सोडून उभ्या पट्ट्या घेतल्या. कारण छापखान्याचे. छापताना शाई कागदाच्या दिशेने थोडी पसरते; वर्तुळ बिघडते, पण पट्टी त्याच दिशेला असली तर फक्त लांब होते. एप्रिल १९७३ मध्ये हा नमुना स्वीकारला गेला. २६ जून १९७४ रोजी ओहायोतील ट्रॉय गावच्या मार्श सुपरमार्केटमध्ये रिगली च्युइंगगमचे पाकीट वाचले गेले : किंमत ६७ सेंट. तेथे स्कॅनर गल्ल्यातच बसवलेला होता. हातात धरायचा लेसर स्कॅनर सिम्बॉल टेक्नॉलॉजीजने १९८० मध्ये आणला, आणि वस्तूने यंत्राकडे जाण्याऐवजी यंत्र वस्तूकडे जाऊ लागले. जडशीळ घंगाळे विकणाऱ्या दुकानाला हा फरक किती मोठा, ते सांगायला नको.

१२/
युरोपने १९७७ मध्ये तेरा आकड्यांची पद्धत उभारली. भारतात त्यासाठीची संस्था १९९६ मध्ये आली. आजची जीएस१ इंडिया. आपला उपसर्ग ८९०. येथे आणखी एक समज खोडायला हवा : ८९० म्हणजे 'भारतात बनलेले' नव्हे. तो क्रमांक भारतातील संस्थेने दिला, एवढाच त्याचा अर्थ. माल कोठेही बनलेला असू शकतो. याविषयी फिरणाऱ्या संदेशांवर विश्वास ठेवू नये.

१३/
आता मूळ प्रश्नाकडे. बारकोड जन्मला तो एकसारख्या वस्तूंसाठी. च्युइंगगमचे एक पाकीट दुसऱ्यासारखेच असते, म्हणून सर्वांना एकच क्रमांक. तांबट आळीत तसे नसते. येथे पेशवाईपासून तांब्याची भांडी हातांनी घडत आली आहेत : हंडे, कळशा, घंगाळी, बंब. शेवटी मठारकाम, म्हणजे एकाशेजारी एक नेमके ठोके. त्याने पत्रा कणखर होतो आणि अंगावर चकाकी येते. एकाच मापाच्या दोन कळशा वजनाला सारख्या भरतीलच असे नाही. आणि विक्री होते ती वजनावर, वर घडणावळ. शिवाय तांब्याचा भाव चढता-उतरता.

१४/
मग क्रमांक द्यायचा कशाला? 'कळशी' या जातीला, की प्रत्येक कळशीला?
उत्तर भाजी-मिठाईच्या दुकानांनी आधीच शोधून ठेवले होते. तेरा आकड्यांच्या पद्धतीत २० ते २९ हे आरंभ दुकानाच्या अंतर्गत वापरासाठी राखून ठेवलेले आहेत. त्यात वजनच क्रमांकात गुंफता येते. आम्ही ठरवले : २१, मग पाच आकडे वस्तूचे, पाच आकडे ग्रॅमचे, शेवटी एक पडताळ्याचा.

१५/
कळशी, वस्तू क्रमांक ००४५७, वजन १ किलो २४० ग्रॅम : २१ ००४५७ ०१२४० आणि पुढे?
डावीकडून विषम स्थानांची बेरीज : २+०+४+७+१+४ = १८.
सम स्थानांची : १+०+५+०+२+० = ८, तिची तिप्पट २४.
एकूण ४२. पुढचा दहाचा पाढा ५०, म्हणून पडताळा ८.
एखादा आकडा चुकला तर हिशेब जुळत नाही आणि स्कॅनर गप्प राहतो. शेजारचे दोन आकडे उलटे झाले तरी चूक पकडली जाते. मात्र त्या दोहोंत पाचाचा फरक असेल तर निसटते. पद्धत निर्दोष नाही, पण गर्दीतल्या मुनिमापेक्षा सावध आहे.

१६/
किंमत क्रमांकात घातली नाही हे मुद्दाम. भाव बदलला की यादीत एका जागी बदलायचा. भांड्यांवरच्या चिठ्ठ्या तशाच. (क्रमांकाचे तुकडे पाडून वजन वेगळे काढण्याचे काम बिलाच्या सॉफ्टवेअरचे, हे ध्यानात ठेवावे. स्कॅनर तेरा आकडे उमटवून मोकळा होतो.) नव्या मोजणीशी जुळवून घेणे या दुकानाला अपरिचितही नाही. १९५७ मध्ये नवा पैसा आला, मग शेर-मणाच्या जागी किलो, १ जुलै २०१७ रोजी जीएसटी. काकांच्या वडिलांच्या वह्यांत शेर आणि किलो दोन्ही शेजारी-शेजारी आहेत.

१७/
तांब्याने मात्र सहजी दाद दिली नाही. चिठ्ठीवरचे चकचकीत प्लास्टिक आणि खालचे उजळ भांडे : प्रकाश थेट परत आला की यंत्राचे डोळे दिपतात. स्कॅनर किंचित तिरका धरला की वाचतो. गोल अंगावर चिठ्ठी आडवी लावली तर कडेच्या पट्ट्या वळणाआड जातात. म्हणून ती फिरवून लावायची, पट्ट्या शिडीच्या पायऱ्यांसारख्या. आणि काकांनी हौसेने कुंकवाच्या रंगात छापून आणलेल्या पट्ट्या तर अदृश्यच ठरल्या. आमच्या स्कॅनरचा उजेड लाल. त्या उजेडात लाल शाई आणि पांढरा कागद सारखेच उजळ दिसतात. काळ्या पट्ट्या लाल कागदावर चालतात, लाल पट्ट्या पांढऱ्यावर नाहीत.

१८/
सारे जमले असे वाटत असताना समोरच्या कारखान्यातील आजोबा येऊन बसले. वय ऐंशीच्या घरात. एक कळशी उचलून त्यांनी बोटाने मठार चाचपला. "ही माझी. ती पलीकडची माझी नाही. तुझ्या यंत्राला दोन्ही सारख्याच का?"
वजन योगायोगाने सारखे असेल तर होय, सारख्याच. दोन्हींचा क्रमांक अंकाअंकाने एक.

१९/
मला आपल्या घरांतील भांडी आठवली. आपल्याकडे भांड्यावर नाव घालतात : कोणी, कोणास, केव्हा, कोणत्या निमित्ताने. आजीच्या लग्नातल्या पातेल्याचे साल आपण त्याच्या काठावर वाचतो, आणि घराण्याचा इतिहास लिहिणाऱ्याला असे पातेले कागदाइतकेच मोलाचे. पण आमच्या घरातल्या भांड्यांवर देणाऱ्याचे नाव आहे, घेणाऱ्याचे आहे. घडवणाऱ्याचे एकावरही नाही. दुकानदाराच्या वहीत तो मजुरीच्या खात्यात असेल. भांड्यावर तो फक्त ठोक्यांत असतो, आणि ते ठोके वाचता येणारी माणसे आता थोडी.

२०/
मी सुचवले : वस्तूच्या पाच आकड्यांतला पहिला कारागिराला देऊ. तीन कारागीर, तीन आकडे. काकांनी लगेच होकार दिला नाही, आणि त्यांचे कारण क्षुल्लक नव्हते. यादी तिप्पट होणार हे एक. दुसरे : महिन्याच्या शेवटी कोणाच्या हातची भांडी किती खपली ते पडद्यावर लख्ख दिसणार. "ज्याची कमी खपली त्याला मी काय सांगू? आणि ज्याची जास्त खपली तो घडणावळ वाढवून मागेल, त्याला काय सांगू?"
आजोबा म्हणाले, "मागू दे की."

२१/
दोघेही बराच वेळ गप्प होते. मी मध्ये बोलले नाही. ते माझे काम नव्हते. वहीत धूसर राहिलेली गोष्ट नोंदीत स्पष्ट झाली की कोणाचा तरी फायदा होतो आणि कोणाची तरी पंचाईत. दफ्तरातल्या हिशेबाच्या कागदांत मी हेच वाचत असते, पण तेथे भांडणारी माणसे दोनशे वर्षांपूर्वी गेलेली असतात.

२२/
दुसऱ्या दिवशी काकांचा फोन आला : "कर तसं. पण फक्त कळशा आणि बंबांना."
छापलेल्या चाळीस चिठ्ठ्या वाया गेल्या. आजोबांच्या वाट्याला ३ हा आकडा आला, आणि १ किलो २४० ग्रॅमची ती कळशी झाली २१३०४५७०१२४०५. एक आकडा बदलला म्हणून पडताळाही आठावरून पाचावर आला. बेरीज करून पाहा.

२३/
आजोबांनी ती स्वतः वाचवून पाहिली. स्कॅनर उलटा धरला होता, तो काकांनी सरळ करून दिला. बीप अर्थातच ऐकू आली नाही. हिरवा दिवा लागला तो त्यांनी पाहिला. "यात मी कुठं?" मी तिसऱ्या आकड्यावर बोट ठेवले. त्यांनी चष्मा वर करून चिठ्ठी डोळ्यांजवळ नेली, मग कळशी पालथी करून तिच्या बुडावरचा एक ठोका मला दाखवला, जो म्हणे थोडा चुकला होता.