भंडाऱ्याच्या ताटातील ब्राझील

मुंबई-पुण्याकडे अलीकडे एका नव्या प्रकारच्या उपाहारगृहांचे पीक आले आहे. ‘लॅटिन’ पद्धतीचे जेवण तेथे मिळते. पानावर बसून पोटभर जेवण्याची ही रीत नव्हे. लहान लहान बशांतून चार घास येतात, मंडळी ते वाटून खातात, पुन्हा दुसरी बशी मागवतात. स्पेनमध्ये या बशांना ‘तापास’ म्हणतात. ‘तापा’ म्हणजे झाकण. मद्याच्या पेल्यावर पावाचा वा मांसाचा तुकडा झाकण म्हणून ठेवीत, त्यावरून हे नाव पडले, अशी एक दंतकथा सांगितली जाते. पोर्तुगालमध्ये अशाच पदार्थांना ‘पेतिश्कुश’ म्हणतात. मेक्सिको, पेरू, ब्राझील या देशांची चव त्यांत मिसळली की झाले ‘लॅटिन’ जेवण.

आपल्या भंडारा जिल्ह्यातील तरुण मुले नोकरीनिमित्त शहरांत जातात आणि या उपाहारगृहांची वर्णने घेऊन परततात. मका, मिरची, टोमॅटो, राजमा, बटाटा, रताळे, शेंगदाणे असे पदार्थ ती गिनवू लागली, की घरची वडीलधारी मंडळी विचारतात, “मग यात नवे काय?” प्रश्न मार्मिक आहे. या साऱ्या वस्तू मूळच्या अमेरिका खंडातील. ख्रिस्तोफर कोलंबस १४९२ साली त्या खंडाला जाऊन पोहोचला, त्यापूर्वी भारतातील कोणत्याही चुलीवर मिरची पडल्याचा पुरावा नाही. ज्या समाजाला ‘तुमचे सारे परदेशी’ हा शेरा कधी ना कधी ऐकावा लागतो, त्या आपल्या समाजाने तरी हा इतिहास नीट जाणून घ्यावा.

या इतिहासातील एक प्रवास विशेष ध्यानात ठेवण्यासारखा आहे. पेद्रू आल्व्हारिश काब्राल हा पोर्तुगीज दर्यावर्दी तेरा जहाजे घेऊन मार्च १५०० मध्ये लिस्बनहून भारताकडे निघाला. आफ्रिकेला वळसा घालण्यासाठी तो अटलांटिकमध्ये इतका पश्चिमेला गेला, की २२ एप्रिल रोजी त्याला ब्राझीलचा किनारा दिसला. ताफ्यात फ्रान्सिस्कन धर्मगुरू होते. त्यांचे प्रमुख फ्रेय हेन्रिक यांनी २६ एप्रिल रोजी तेथे मिस्सा अर्पण केला. ब्राझीलच्या भूमीवरील तो पहिला मिस्सा. त्यानंतर ताफा पुढे निघाला. वाटेतल्या वादळात काही जहाजे बुडाली, उरलेली सप्टेंबरमध्ये कालिकतला लागली. एकाच सफरीत ब्राझील आणि भारत जोडले गेले, ते असे. १५१० साली आफोन्सु दि आल्बुकेर्कने गोवा जिंकले आणि या सागरी रस्त्याला एक कायमचा मुक्काम मिळाला.

मिरची याच रस्त्याने आली. सोळाव्या शतकातील वनस्पतिशास्त्रज्ञ क्लुझियस याने भारतातील मिरचीचा संबंध ब्राझीलमधील पेर्नांबुकोशी जोडला आहे. आपल्या लोकांनी तिला नाव मात्र जुन्या ओळखीचे दिले. मिरीसारखी तिखट म्हणून ती मिरची. कोकणीत तर ती मिरसांग, म्हणजे मिरीची शेंग. मिरीचा वेल मलबारच्या पावसाळी, दमट हवेतच फोफावतो आणि त्याचे दाणे विकत घ्यावे लागत. मिरचीचे रोप मात्र कोणाच्याही परसात, एका हंगामात फळ देते. तिखटाची चव श्रीमंतांच्या कोठारातून गरिबाच्या झोपडीत आणली ती या रोपाने. राजाज्ञा नाही, धर्माज्ञा नाही; बाईच्या ओटीतून बी गावोगाव गेले असावे, असे मला वाटते.

किनाऱ्यावर पदार्थ आणि शब्द दोन्ही रुजले. लसूण आणि द्राक्षमद्य यांत मुरवलेल्या मांसाचा पोर्तुगीज पदार्थ गोव्यात व्हिनेगर आणि लाल मिरची लेवून ‘विंदालू’ झाला. उत्तर कोकणातील ख्रिस्ती घरांत त्याचेच ‘इंद्याल’ झाले. वसई १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीजांकडे होती. चिमाजी अप्पांनी ती जिंकून घेतली, पण पाव, काजू, पपई, अननस, बटाटा हे शब्द काही परत गेले नाहीत. पेशव्यांच्या मुलखातही ते सुखाने नांदले. यातील ‘बटाटा’ या शब्दाची गंमत अशी, की कॅरिबियन बेटांवरील लोकांच्या भाषेत तो मुळी रताळ्याचा शब्द. तो पुढे दुसऱ्याच कंदाला चिकटला.

भंडाऱ्यापर्यंत मात्र हा शब्द आला नाही. आपल्या झाडीपट्टीत बटाट्याला आलू म्हणतात, पेरूला जांब, आणि टोमॅटोला जुनी माणसे भेदरे म्हणतात. पश्चिम महाराष्ट्रातील पाहुणा बाजारात ‘बटाटे’ मागतो, तेव्हा येथला माळी क्षणभर थांबतो. शब्दांच्या या फरकात इतिहास दडलेला आहे. किनाऱ्यावरील पिके पोर्तुगीज नाव घेऊन घाट चढली. आपल्याकडे आलू आला तो उत्तरेच्या हिंदी मुलखातून, इंग्रजी अमदानीत त्याची लागवड पसरली त्या ओघात. १८८० च्या दशकात नागपूर-छत्तीसगड लोहमार्ग जिल्ह्यातून गेला आणि दूरचा भाजीपाला येणे सोपे झाले.

तांदूळ, लाखोळी, जवस, तलावांतील मासे आणि शिंगाडे हे येथले जुने अन्न. कोहळी समाजाने बांधलेल्या तलावांवर भात पिकला आणि चिन्नोरसारखा सुवासिक तांदूळ नावारूपाला आला. त्या भाताच्या शेजारी मिरची येऊन बसली ती कायमची. पवनीचा परिसर मिरचीसाठी प्रसिद्ध आहे. लगतच्या नागपूर जिल्ह्यातील भिवापुरी मिरचीला भौगोलिक मानांकनही लाभले आहे. विणकर हलबा-कोष्टी समाजाचा सावजी रस्सा मिरचीवाचून कल्पिताच येत नाही.

सर्वांत नवल वाटते ते उपवासाच्या ताटाचे. आपले हिंदू शेजारी एकादशीला धान्य वर्ज्य करतात आणि साबुदाणा, बटाटा, रताळे, शेंगदाणे, हिरवी मिरची, राजगिरा खातात. साबुदाणा होतो कसाव्याच्या कंदापासून, तो ब्राझीलचा. बाकीचे सारेही अमेरिकेचेच. राजगिऱ्याच्या पिठाच्या देवमूर्ती मेक्सिकोतील अझ्टेक लोक करीत. फ्रान्सिस्कन मिशनरी बेर्नार्दिनो दे साहागून यांनी सोळाव्या शतकात त्याची नोंद करून ठेवली आहे आणि त्या विधीविषयीची नापसंतीही लपवलेली नाही. तेच धान्य आपल्या शेजारणीच्या देवघरापुढे लाडू होऊन येते. आणि आपणही फार हसू नये. युरोपात चॉकलेट पिण्याची चटक लागली तेव्हा उपवासात ते चालते का, यावर आपले ईशशास्त्रज्ञ कित्येक वर्षे वाद घालीत होते. अखेर सतराव्या शतकात कार्डिनल ब्रांकाच्चो यांनी चॉकलेटच्या बाजूने कौल दिला: पेयाने उपवास मोडत नाही!

अमेरिकेने सारे गोडच दिले असे नाही. तंबाखूही तिकडचीच. मोगल दरबारातील असद बेग याने विजापूरहून ती अकबरापुढे नेली, बादशहाने हकिमांना न जुमानता चिलीम ओढून पाहिली. जहांगीराने १६१७ साली तिच्यावर बंदी घातली. सेव्हिल धर्मप्रांतातील चर्चमध्ये तंबाखू सेवनास पोप आठवे अर्बन यांनी १६४२ साली मनाई केली. बादशहा व पोप दोघेही हरले. विसाव्या शतकात भंडारा-गोंदिया भागातील जंगलांच्या तेंदूपानांत परगावाहून आलेली तंबाखू भरली जाऊ लागली आणि हजारो घरांत बायका मांडीवर सूप घेऊन विड्या वळू लागल्या. मजुरी हजार विड्यांच्या हिशोबाने. अनेक कुटुंबांत मुलांच्या शाळेची फी त्या सुपातून निघाली आणि त्याच सुपातून खोकलाही घरात आला. ब्राझीलच्या जहाजाचा हा हिशोब कोणत्याही ‘लॅटिन’ उपाहारगृहाच्या पत्रिकेवर छापलेला नसतो.

आता लहान बशांविषयी. मराठी ताटाची डावी बाजू म्हणजे तरी काय? मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचे, बोटभर, चिमूटभर. शेजारी वाट्यांची रांग. रतनपूरच्या १११४ सालच्या शिलालेखात ‘भाणारा’ हे नाव येते. भाणे म्हणजे पितळी ताट, त्यावरून भंडारा, अशी व्युत्पत्ती काही जण सांगतात. ती खरी असो वा नसो, हे गाव पितळी भांड्यांसाठी नावाजले हे खरे. पण अमेरिकेतून आलेले आंबट भेदरे पितळेच्या वाटीत कळकते. कल्हई लावलेली असेल तरच निभावते. कल्हईवाला दारावर येईनासा झाला, घरोघर स्टीलच्या वाट्या आल्या आणि पितळेची भाणी माळ्यावर गेली. शहरातून आलेली मुले आता तीच खाली उतरवून मागतात. बशी म्हणून भिंतीवर लावायला.