चीजवस्तूंचा विमा

परवा आयुष्यात पहिल्यांदाच घरातल्या सामानाचा विमा उतरवायला बसलो. लोकांचे अर्ज तपासण्यात माझी नोकरी गेली, पण स्वतःच्या घराची यादी करताना पेन अडले. टीव्ही, फ्रीज, कपाटे भराभर झाली. मग न्हाणीतले तांब्याचे भाण, देवकुडीतल्या समया, आणि आजोबांच्या नाटकाच्या हस्तलिखित वह्या. गावच्या जत्रेत होणाऱ्या नाटकांच्या त्या नकला. यांची किंमत काय लिहायची?

सामानाचा विमा ही कल्पना घराच्या विम्यामागून आली. २ सप्टेंबर १६६६ च्या पहाटे लंडनच्या पुडिंग लेनमध्ये एका बेकरीवाल्याकडे आग लागली. चार दिवसांत तेरा हजारांवर घरे आणि ८७ चर्चे खाक झाली. रोजनिशीकार सॅम्युएल पेपिसने बागेत खड्डा खणून त्यात आपली दारू आणि पार्मेझान चीज पुरले. (माणूस संकटात काय वाचवतो, ते पाहावे!) पुस्तकविक्रेत्यांनी सेंट पॉल चर्चच्या तळघरात पुस्तके सुरक्षित म्हणून ठेवली होती, ती मात्र जळाली. पेपिसचे घर शेवटी वाचले.

त्यानंतर निकोलस बार्बन या डॉक्टरकी सोडून बांधकामात शिरलेल्या गृहस्थाने १६८० च्या सुमारास आगीच्या विम्याची कचेरी उघडली. लाकडी घराला विटांच्या घराच्या दुप्पट हप्ता. पुढे विमा कंपन्या आपली आग विझवणारी माणसे ठेवू लागल्या आणि विमा उतरवलेल्या घरावर धातूची खूणपाटी ठोकू लागल्या. पण विमा होता तो भिंतींचा. घरातल्या चीजवस्तू आणि दुकानातला माल यांचा विमा काढायची युक्ती चार्ल्स पोवेने १७०८ च्या सुमारास काढली. त्याच्याच धंद्यातून १७१० मध्ये सन फायर ऑफिस निघाले. चोरीला तर आणखी वेळ लागला. लंडनच्या लॉइड्समध्ये कथबर्ट हीथने घरफोडीचा विमा दिला तो १८८९ मध्ये.

आपल्याला यात पोर्तुगीजांचा धागा सापडतो. पेद्रु द सांतारें या पोर्तुगीज कायदेपंडिताचा विम्यावरचा लॅटिन ग्रंथ १५५२ मध्ये व्हेनिसला छापला गेला. तो या विषयावरचा पहिला स्वतंत्र ग्रंथ मानतात. अर्थात त्यात चिंता व्यापाऱ्यांच्या मालाची, कोणाच्या घरातल्या भांड्यांची नव्हे. पोर्तुगीजमध्ये विम्याला 'सेगुरु' म्हणतात, म्हणजे सुरक्षित. आपला 'विमा' फारसीतून आला, आणि तिथे 'बीम' म्हणजे भीती. मला आपला शब्द जास्त प्रामाणिक वाटतो.

भीती मला बसली ती २३ जुलै २०२१ ला. म्हादईचे पाणी सत्तरी, डिचोलीतल्या घरांत शिरले. १९८२ नंतरचा सर्वांत मोठा पूर, असे तेव्हा सांगितले गेले. ओळखीच्या एका घरात चिखलातून फक्त भांडी निघाली. कागदांचा लगदा झाला होता.

त्याच वर्षी १ एप्रिलपासून 'भारत गृह रक्षा' ही ठराविक पॉलिसी सर्व साधारण विमा कंपन्यांना द्यावी लागली. इमारतीचा विमा घेतला की त्याच्या वीस टक्के, जास्तीत जास्त दहा लाखांपर्यंत, सामानाला आपोआप संरक्षण मिळते. त्याहून जास्त हवे तर यादी द्यायची. आग, वादळ, पूर यात येतात. चोरी मात्र अशा आपत्तीपाठोपाठ सात दिवसांत झाली तरच. एरवीच्या घरफोडीसाठी वेगळे संरक्षण घ्यावे लागते, हे बरेच जण वाचत नाहीत.

आणि एक बारीक अक्षरातली ओळ. खास नमूद केल्याशिवाय हस्तलिखिते वगळली आहेत.

एजंटला विचारले, "नमूद करतो, चालेल?" तो म्हणाला, "करा ना भाऊ, पण किंमत कशी ठरवणार?" मी आजोबांचे वय, पानांची संख्या, शाई असे काहीबाही सांगू लागलो. तो ऐकत राहिला. शेवटी ती ओळ मीच खोडली आणि पेपिससारखे केले, फक्त उलट दिशेने. आमच्या पावसात खड्डा खणून काय उपयोग? वह्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून माळ्यावर चढवल्या. दर रविवारी एक वही उतरवून तिच्या पानांचे फोटो काढतो. चार झाल्या, अकरा उरल्यात.