डिपोटी, केंद्रप्रमुख आणि बावन्न वजा सत्तावीस

१८२६ साली मुंबईत तयार केलेले चोवीस मास्तर जिल्ह्याजिल्ह्यांत शाळा काढायला पाठवले गेले. त्यांना तयार करणारा कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस पेशाने इंजिनिअर होता. नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीचं काम अंगावर पडलं तेव्हा त्याने मराठीत गणिताची पुस्तकं केली, आणि पुस्तकं झाली म्हणून ती शिकवणारी माणसंही घडवली. शिकवण्याची पद्धत बेल आणि लँकेस्टर यांची. मास्तरने हुशार पोरांना धडा द्यायचा, त्या पोरांनी तो बाकीच्यांना द्यायचा. बेलने ही युक्ती मद्रासकडच्या गावठी शाळेत पाहिली होती. आपलाच माल विलायतेला जाऊन नवं नाव लावून परत आला, असं हे पहिल्यांदाच झालं नसावं. थोड्या मास्तरांत पुष्कळ पोरं शिकवायची, हा त्यामागचा हिशेब. तो हिशेब आजही चालूच आहे.

मी जिल्हा परिषदेच्या शाळांची केंद्रप्रमुख म्हणून निवृत्त झाले. त्यामुळे असलं काही वाचताना माझं लक्ष त्या चोवीसांच्या प्रशिक्षणात फारसं अडकत नाही. मला पुढचं पाहिजे असतं. मास्तर गावी गेला, चावडीत नाहीतर देवळाच्या ओवरीत शाळा भरली. त्यानंतर त्याच्याकडे कोण फिरकलं? आणि जो आला त्याने मास्तराला काही शिकवलं, की नुसती वही उघडून शेरा मारला? महाराष्ट्रातल्या प्राथमिक शिक्षकाचा पावणेदोनशे-दोनशे वर्षांचा इतिहास मला या एकाच प्रश्नाभोवती फिरताना दिसतो.

सुरुवातीला ही दोन्ही कामं एकाच माणसाकडे होती आणि तो माणूस मोठा होता. ‘दर्पण’कर्ते बाळशास्त्री जांभेकर दक्षिण कोकणातल्या शाळा तपासत, आणि १८४५ साली मुंबईत शिक्षक घडवणारा नॉर्मल वर्ग निघाला तोही त्यांच्याच हाताखाली. शाळांत काय दुखतंय ते पाहायचं आणि वर्गात येऊन त्याचं औषध शिकवायचं, अशी ती सोय होती. पण १८४६ मध्ये बाळशास्त्री गेले. १८५४चा वुडचा खलिता आला, पुढच्या वर्षी शिक्षणखातं उभं राहिलं आणि दोन कामांची फारकत झाली. शिकवायला पुण्यासारख्या ठिकाणी ट्रेनिंग कॉलेज, तपासायला डेप्युटी इन्स्पेक्टर. खेड्यातल्या तोंडी डिपोटी. डिपोटी येणार म्हटलं की शाळा सारवायची, पोरांना अंघोळी घालायच्या, गैरहजर पोरं शेतातून धरून आणायची.

या खात्याने एक गोष्ट मात्र झकास केली होती. खेड्यापाड्यातल्या मास्तरांसाठी १८६१ पासून ‘शालापत्रक’ नावाचं मासिक निघायचं. पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजचे प्राचार्य झालेले कृष्णशास्त्री चिपळूणकर ते पाहत, आणि १८६८ पासून त्यांचे चिरंजीव विष्णुशास्त्री. कालिदास, भवभूती, बाण, सुबंधु, दंडी यांच्यावरचे विष्णुशास्त्र्यांचे प्रसिद्ध लेख आधी या मासिकात आले. दहा रुपये पगाराचा मास्तर कुठल्यातरी वाडीवर कंदिलाशी बसून बाणभट्टावर वाचतोय, हे डोळ्यांपुढे आणून पाहा. त्याला उद्या शिकवायचा असायचा पावकीचा पाढा. तरी मी म्हणते, शिक्षकाला देण्याजोगी याहून चांगली गोष्ट थोडीच. आमच्या काळात जी पत्रकं यायची त्यांत ‘विहित नमुन्यात माहिती तात्काळ सादर करावी’ याच्यापलीकडे वाङ्मय नसायचं. अर्थात विष्णुशास्त्र्यांची लेखणी सरकारला किती दिवस सोसणार? १८७५ला सरकारने शालापत्रक बंद केलं.

शिक्षकाच्या स्थितीवर सर्वांत रोखठोक बोलले ते जोतीराव फुले. १८८२ साली हंटर आयोगापुढे त्यांनी दिलेलं निवेदन प्रत्येक अध्यापक विद्यालयात अभ्यासाला असायला हवं होतं, माझ्या डी.एड.ला मात्र फुल्यांचं नाव आणि जयंतीची तारीख, एवढंच होतं. जोतीराव म्हणतात, शाळांतले बहुतेक मास्तर अप्रशिक्षित, पगार क्वचितच दहा रुपयांच्या वर, आणि ज्यांना शिकवायचं त्या शेतकऱ्याच्या पोरांशी त्यांचं मिसळणं नाही. शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातले असावेत, वेळ पडली तर नांगराची मूठ किंवा सुताराची तासणी हातात धरायला त्यांना लाज वाटू नये. प्रशिक्षणात शेती आणि आरोग्य असावं. पगार बारा रुपयांच्या खाली नको, मोठ्या गावात पंधरा-वीस तरी. गावातला मान वाढावा म्हणून त्याला गावचे हिशेब तपासणं, टपाल, स्टॅम्पविक्री अशी कामं द्यावीत. यातलं टपाल पुढे कित्येक गावांत खरंच मास्तरांकडे आलं. जोतीरावांनी मानासाठी सुचवलेली जादा कामं पुढे मतदारयाद्या, जनगणना आणि खिचडीचे तांदूळ मोजण्यापर्यंत येऊन पोचतील, हे त्यांना कुठून कळावं.

आणि तपासणीबद्दल? डेप्युटी वर्षातून एकदा येतो त्याचा काही उपयोग नाही, तिमाहीला तरी यावं आणि एरवीही न कळवता यावं, असं त्यांचं म्हणणं. ते निवेदन मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा इथे जरा थबकले. न कळवता येणाऱ्या साहेबाचा जाच मी पुष्कळ सोसलाय. पण जोतीराव पोरांच्या बाजूने बोलत होते. न शिकवणारा मास्तर कुणाच्या पोरांचं नुकसान करतो ते त्यांना ठाऊक होतं. शिवाय प्रशिक्षणाची किंमत त्यांना कुणी सांगायला नको होती. सावित्रीबाईंनी शिकवायला उभं राहण्याआधी अध्यापनाचे धडे घेतले होते.

आमच्या मराठवाड्यात ही पुण्या-मुंबईची परंपरा थेट आलीच नाही. आम्ही निजामाच्या राज्यात, वरचं शिक्षण उर्दूतून. १९५६ला मुंबई राज्यात आलो, १९६२ला जिल्हा परिषदा झाल्या, तेव्हा कुठे सगळ्यांचा गाडा एका चाकोरीत आला. मी नोकरीला लागले तेव्हा माझे मुख्याध्यापक सातवी फायनल पास आणि सीनिअर पीटीसी झालेले गुरुजी होते. शाळा दोनशिक्षकी, वर्ग चार. डी.एड.ला मी हर्बार्टची पंचपदी घोकून गेलेली. सरावपाठ म्हणजे एक वर्ग, पस्तीस मिनिटं, समोर कडक इस्त्रीची पोरं आणि मागे निरीक्षण वही घेतलेल्या मैत्रिणी. इथे पहिली आणि दुसरी एकाच खोलीत, आणि तिसरीतली एक मुलगी धाकट्या भावाला मांडीवर घेऊन बसलेली. गुरुजींनी मला टाचण कसं काढायचं ते पुन्हा शिकवलं. पानाच्या मधोमध उभी रेघ मारायची. डावीकडे पहिली, उजवीकडे दुसरी. डाव्या बाजूला ‘शिकवणे’ आलं की त्याच ओळीला उजवीकडे ‘सोडवणे’ आलंच पाहिजे. दोन्हीकडे ‘शिकवणे’ आलं की गुरुजी खडूने त्यावर फुली मारायचे. बहुवर्ग अध्यापनावर पुढे मी जाडजूड पुस्तिका वाचल्या, त्या सगळ्यांचं सार त्या रेघेत होतं. गुरुजी कुणी तज्ज्ञ मार्गदर्शक नव्हते. ते फक्त शेजारच्या वर्गात होते.

कोठारी आयोगाने (१९६४–६६) हे ओळखलं होतं. त्याचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक कोल्हापूर भागातले, गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या उभारणीतले. खेड्यातली शाळा त्यांना पाठ होती. आयोगाने दोन गोष्टी सांगितल्या. प्रत्येक शिक्षकाला दर पाच वर्षांत दोन-तीन महिने सेवांतर्गत प्रशिक्षण मिळावं, आणि जवळजवळच्या शाळांचं एक संकुल करून त्यांनी एकमेकींना हात द्यावा. पुण्यातली राज्य शिक्षण संस्था याच काळातली. १९८४ला तिचीच राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद झाली. १९८६च्या धोरणानंतर जिल्ह्याजिल्ह्यात डाएट, म्हणजे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था, आले: आमच्या लातूरचं मुरुडला, सोलापूरचं वेळापूरला, नगरचं संगमनेरला, साताऱ्याचं फलटणला. जिल्ह्याची संस्था, पण जिल्ह्याच्या गावी नाही! एसटी बदलत तिथे पोचेपर्यंत अर्धा दिवस जायचा.

खरी धामधूम सुरू झाली ती १९९४नंतर. जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रमात पहिल्या फेरीला राज्यातले पाच जिल्हे होते: औरंगाबाद, परभणी, नांदेड, लातूर, उस्मानाबाद. किल्लारीच्या भूकंपाला जेमतेम वर्ष झालेलं, कित्येक शाळा पत्र्याच्या शेडात. त्यात क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम, आनंददायी शिक्षण, स्मार्ट पीटी अशी एकामागून एक प्रशिक्षणं. राज्यातून जिल्ह्याला, जिल्ह्यातून तालुक्याला, तालुक्यातून केंद्राला, असं ज्ञान झिरपत यायचं आणि शेवटच्या शिक्षकापर्यंत पोचताना त्यातली गाणी आणि टाळ्या तेवढ्या शिल्लक राहायच्या. पण मी त्याची टिंगल करणार नाही. वीस-वीस वर्षं खुर्चीत बसून शिकवलेले गुरुजी त्या शिबिरांत पहिल्यांदा जमिनीवर पोरांच्या ओळीत बसले. साहित्यासाठी प्रत्येक शिक्षकाला वर्षाला पाचशे रुपये मिळू लागले. त्यांचे बहुतेक तक्ते झाले. रंगीत, सुंदर, आणि पोरांचा हात लागून मळू नयेत म्हणून छताजवळ टांगलेले.

त्याच सुमारास राज्याने साधारण दहा शाळांमागे एक केंद्रशाळा नेमली आणि केंद्रप्रमुख हे पद काढलं, राज्यभरात ४,८६०. काम काय? शाळेत जायचं, पाठ पाहायचा, स्वतः पाठ घेऊन दाखवायचा, महिन्यातून एकदा सगळ्या शिक्षकांची परिषद भरवायची. नाईकांच्या संकुलाला दुसऱ्या वाटेने आलेलं हे फळ, असं मला वाटतं.

या परिषदांतली एक सांगते. एका बाईंनी चौथीतल्या पोरांच्या वह्या आणल्या होत्या. बावन्न वजा सत्तावीस. निम्म्या वर्गाचं उत्तर पस्तीस. दोनातून सात जात नाहीत, मग पोरं सातातून दोन वजा करतात, आणि पाचातून दोन गेले तीन. पोरं आळशी आहेत, पाढे पाठ नाहीत, घरी लक्ष नाही, असं सगळं बोलून झालं. मग एका तरुण गुरुजींनी आगपेटीच्या काड्या ओतल्या. दहा-दहांचे पाच गठ्ठे रबराने बांधले, दोन काड्या सुट्ट्या ठेवल्या, आणि ज्या शिक्षकांनी पोरांना आळशी म्हटलं होतं त्यांनाच सांगितलं, यातल्या सत्तावीस मला द्या. पहिल्या गुरुजींनी दोन गठ्ठे दिले, दोन सुट्ट्या दिल्या, आणि हात थांबला. अजून पाच हवेत. त्यांनी तिसऱ्या गठ्ठ्याचं रबर सोडलं. ‘हे रबर सोडणं आपण फळ्यावर कधी दाखवतो?’ त्या तरुणाने विचारलं. आम्ही नुसतं पाचावर काट मारून वर चार लिहितो आणि दोनाशेजारी एक चिकटवतो. त्या दिवशी चहा दोनदा झाला, पाचची एसटी सगळ्यांची चुकली. अहवालात मी लिहिलं: ‘गणित विषयावर चर्चा झाली.’ रकाना तेवढाच होता.

आणि रकान्यांनीच पुढे या पदाचा घास घेतला. पटसंख्या, पोषण आहार, शौचालय, गणवेश, युडायसची माहिती. सगळी केंद्रप्रमुखाने गोळा करायची, तीही आजच. शाळेत गेले की बाई पाठ थांबवून कपाटातून फायली काढायच्या. मी म्हणायचे, फायली राहू द्या, पाठ चालू ठेवा. त्यांचा विश्वास बसायचा नाही, आणि मलाही संध्याकाळी फायलीतलेच आकडे वर कळवायचे असायचे. जुन्या डिपोटीकडे निदान घोडं आणि दरारा होता. पुढे तर ही पदं वर्षानुवर्षं मोठ्या संख्येने रिकामी राहिली आणि एकेकाकडे दोन-दोन, तीन-तीन केंद्रं आली.

शिक्षक आपापसांत शिकतात तेव्हा काय होतं, ते सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटने दाखवलं. तिथल्या शाळांतलं ज्ञानरचनावादी काम पाहायला राज्यभरातून हजारो शिक्षक स्वखर्चाने, गाड्या करून गेले. आमच्याकडचेही गेले. सरकारी आदेश नसताना शिक्षक रजा टाकून दुसऱ्याचा वर्ग बघायला निघालेत, हे मी तरी आधी पाहिलं नव्हतं. २०१५च्या जूनमध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’चा शासननिर्णय आला, आणि मग कुमठ्यासारखी फरशी रंगवण्याची लाट आली. कित्येक शाळांत तीच वर्तुळं, तेच चौकोन, त्याच रंगाचे. काही ठिकाणी रंगवल्यावर त्यावर सतरंजी घातलेली मी पाहिली, फरशी खराब होऊ नये म्हणून.

आता नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे शिक्षकाने वर्षाला पन्नास तासांचं प्रशिक्षण घ्यायचं आहे. बरंचसं मोबाईलवर, दीक्षाच्या ॲपवर. व्हिडिओ संपला की प्रश्न, प्रश्न सोडवले की प्रमाणपत्र. माझी सून शिक्षिका आहे. ती पोळ्या लाटताना व्हिडिओ लावून ठेवते आणि मधूनमधून कणकेच्या बोटाने ‘पुढे’ दाबते. तिच्या केंद्रात चार-पाच जणी शनिवारी शाळा सुटल्यावर थांबून अपूर्णांकांवर काम करतात. कागदाच्या पट्ट्या दुमडतात, भांडतात, पुन्हा दुमडतात. परवा तिने मला विचारलं, ‘आई, हे शनिवारचे तास त्या पन्नासांत धरतील का हो?’ तिला म्हटलं, तुमच्या केंद्रप्रमुखांना विचार. ती म्हणाली, त्यांच्याकडे आणखी दोन केंद्रं आहेत, मार्चनंतर विचारते.