चाळीस बिटांचे कुलूप

किल्लीवाचून वाचता येऊ नये अशा रीतीने मजकूर बदलून ठेवणे म्हणजे कूटलेखन. १९९८ च्या धोरणानुसार खासगी कंपन्यांना इंटरनेट सेवेचे परवाने मिळू लागले, तेव्हा दूरसंचार खात्याने त्यांत एक अट घातली. ही किल्ली ४० बिटांहून मोठी नसावी. मोठी हवी असल्यास परवानगी घ्यावी आणि उलगड्याची किल्ली दोन भागांत खात्याकडे जमा करावी.

४० बिटांच्या किल्ल्या होतात सुमारे १ लाख १० हजार कोटी. आकडा छाती दडपवणारा खरा. पण जानेवारी १९९७ मध्येच बर्कली विद्यापीठातील इयन गोल्डबर्ग या विद्यार्थ्याने सुमारे अडीचशे संगणक जुंपून असे कुलूप साडेतीन तासांत उघडले होते.

जून २००१ मध्ये फोर्टातल्या रिझर्व्ह बँकेने बँकांना बजावले, की इंटरनेटवरील व्यवहारांस किमान १२८ बिटांचे संरक्षण हवे. दिल्लीचा परवाना चाळीसावर अडलेला! गिरगावातल्या खातेदाराने घरबसल्या पैसे पाठवले, की कोणता तरी एक नियम मोडणारच. ठेवीदाराचा पैसा जपणाऱ्या बँकेचेच म्हणणे रास्त होते, असे मला वाटते.

सप्टेंबर २०१५ मध्ये राष्ट्रीय कूटलेखन धोरणाचा मसुदा निघाला. कुलूपबंद मजकुराची साधी प्रत नागरिकाने ९० दिवस जपून ठेवावी, असे त्यात होते. म्हणजे तिजोरीला कुलूप लावायचे आणि ऐवज ओसरीवर मांडायचा! ओरड झाली, आणि २२ सप्टेंबरला मसुदा मागे घेतला गेला. कूटलेखनाच्या पद्धती ठरवण्याचा केंद्राचा अधिकार मात्र माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ८४-अ मध्ये शाबूत राहिला.