१९ एप्रिल : बँड फुटला, मग अल्बम आला

१९६८ साली आजच्या दिवशी ब्रिटनमध्ये 'ओडेसी अँड ओरॅकल' बाजारात आला, तेव्हा तो करणारा 'द झॉम्बीज' हा बँड फुटलेलाही होता!

बहुतेक ध्वनिमुद्रण १९६७मध्ये लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत, बीटल्सच्या 'सार्जंट पेपर'पाठोपाठ झाले. पैसे बेताचेच, स्टिरिओ मिश्रणाचा खर्च बँडमधल्या रॉड आर्जंट आणि ख्रिस व्हाइट यांनी पदरचा केला. मेलोट्रॉन या कीबोर्ड वाद्याची तरल साथ, गायक कॉलिन ब्लनस्टोनचा धुरकट आवाज. पहिलेच गाणे, 'केअर ऑफ सेल ४४', तुरुंगातून सुटणाऱ्या प्रेयसीला लिहिलेले पत्र आहे; पण चाल इतकी प्रसन्न, की विषय उशिरा ध्यानात येतो.

विक्री यथातथाच झाली.

पण १९६९मध्ये याच अल्बममधले 'टाइम ऑफ द सीझन' हे गाणे अमेरिकेत तिसऱ्या क्रमांकावर पोहोचले. अल्बमचे खरे वैभव मात्र उरलेल्या ११ गाण्यांत आहे.