चंदनाचा स्पाइक रोग

देवघरांत सहाणेवर खोड उगाळतांना तें कोठल्या रानांतून आलें, हा विचार आपल्यापैकीं फारच थोड्यांच्या मनांत येत असेल. पूर्वीं तें बहुधा म्हैसूर संस्थानांतून किंवा त्याला लागून असलेल्या कूर्ग प्रांतांतून येत असे. या प्रदेशांतील चंदनावर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जो रोग पडला, त्याचें खरें कारण कळावयास सत्तर वर्षें लागलीं. ही हकीकत वनस्पतिशास्त्रज्ञांपुरतीच ठेवण्यासारखी नाहीं असें आम्हांस वाटतें. कारण तींत विद्वानांच्या तर्काइतकाच राज्याच्या तिजोरीचा आणि रयतेचाही संबंध येतो.

टिपू सुलतानानें १७९२ सालीं चंदनास राजवृक्ष ठरविलें, आणि पुढें राज्यें बदललीं तरी तो हक्क कोणी सोडला नाहीं. झाड कोणाच्याही बांधावर उगवो, मालक सरकार! लिलावांत विकलें जाणारें लाकूड तेल काढण्यासाठीं बव्हंशीं युरोपांत जाई. १९१४ चें महायुद्ध पेटतांच ती वाट बंद झाली, तेव्हां विश्वेश्वरय्या दिवाण असतांना, बंगलोरच्या भारतीय विज्ञानसंस्थेंतील सडबरो व वॉटसन या रसायनशास्त्रज्ञांच्या साह्यानें, १९१६ सालीं संस्थानानेंच तेल काढण्यास आरंभ केला. त्या उद्योगाचें कौतुक पुष्कळांनीं केलें आहे. परंतु तो ज्या झाडांच्या भरंवशावर उभा राहिला, तीं त्या वेळीं सतरा वर्षें मरत होतीं.

रोगाची पहिली नोंद १८९९ सालची, कूर्गांतील फ्रेझरपेट येथील. आज त्या गांवास कुशालनगर म्हणतात. रोग लागलेल्या झाडाचीं नवीं पानें प्रत्येक खेपेस पूर्वींपेक्षां लहान येतात, आणि पेरें आंखूड होत जाऊन तीं ताठ, अरुंद पानें डहाळीवर दाटीनें उभीं राहतात. अशी डहाळी एखाद्या अणकुचीदार कणसासारखी दिसूं लागते. त्यावरूनच इंग्रजींत त्यास 'स्पाइक' हें नांव पडलें. पुढें फूल-फळ बंद होतें, मुळांचीं टोकें कुजतात आणि दोन-तीन वर्षांत झाड वाळतें.

बार्बर, बटलर इत्यादि त्या काळचे नामांकित वनस्पतिरोगज्ञ येऊन पाहून गेले. त्या पिढीस झाडाचा रोग म्हटला कीं बुरशी आठवे, आणि तें स्वाभाविकही होतें. गव्हाच्या तांबेऱ्यापासून बटाट्याच्या करप्यापर्यंत सूक्ष्मदर्शकानें जे अपराधी पकडून दिले, ते बुरशीच्या कुळांतले किंवा तशाच रूपाचे होते. येथें मात्र कोणत्याही बुरशीवर गुन्हा शाबीत होईना. म्हैसूर सरकारनें बक्षीसही लावलें. दुष्काळ, वणवे, जमिनीचा कस आणि रानभर माजलेली घाणेरी, या सर्वांवर संशय घेऊन झाला. अपराधी सांपडेना, तेव्हां अपराधच झाला नाहीं असें म्हणण्याकडे विद्वानांचा कल झाला. डेहराडूनचे होल यांनीं तर असा सिद्धांत मांडला कीं, हा संसर्गच नव्हे, झाडाच्या अंगांतील रसाच्या अभिसरणाचा हा बिघाड आहे. त्यास आधार नव्हता असें नाहीं. चंदन हें अर्धें परोपजीवी झाड. त्याचीं मुळें शेजारच्या झाडांच्या मुळांस चिकटून त्यांतून पाणी व क्षार शोषून घेतात. शेजारी जळले किंवा तुटले तर चंदनाचेंही पोषण बिघडेल, ही कल्पना मनास पटण्यासारखी होती.

तिला उत्तर दिलें तें लेस्ली कोलमन यांनीं. हे कॅनडाचे गृहस्थ १९०८ सालीं म्हैसूर सरकारच्या नोकरींत आले. सुपारीच्या कोळेरोगावर मोरचूद व चुना यांचें मिश्रण फवारण्याची जी रीत त्यांनीं म्हैसुरांत रूढ केली, ती आमच्या कोंकणांतील बागाइतदारांसही चांगली परिचित आहे. चंदनासंबंधीं त्यांनीं केलेला प्रयोग अगदीं साधा होता. रोगट डहाळीचें कलम त्यांनीं निरोगी झाडावर बांधलें, आणि निरोगी झाड रोगी झालें. ज्या झाडाची मुळें, जमीन आणि शेजार सर्व ठीक, त्यास केवळ कलमानें रोग होतो, तर रोगाचें बीज त्या डहाळींतच असलें पाहिजे. १९१७ सालीं हें प्रसिद्ध झालें. आमच्या मतें या प्रकरणांतील सर्वांत स्वच्छ विचार हाच होय.

परंतु तें बीज दिसत नव्हतें, आणि न दिसणाऱ्या संसर्गास त्या काळीं 'विषाणु' म्हणण्याचा प्रघात होता. बंगलोरच्या विज्ञानसंस्थेंत श्रीनिवासय्या व त्यांचे सहकारी यांनीं कलमाच्या पद्धति सुधारल्या, रस शोषणाऱ्या किड्यांवर पाळत ठेवली. विषाणु मात्र हातीं आला नाहीं. १९६७ सालीं जपानांत तुतीच्या रोगट झाडांच्या रसवाहिन्यांत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकानें भित्तिकाविहीन असे अतिसूक्ष्म जीव आढळले, आणि दोनच वर्षांत तसेच जीव चंदनांतही दिसले. ते विषाणु नव्हते. कवच गमावलेले जीवाणु होते. १९९४ पासून त्यांस 'फायटोप्लाझ्मा' म्हणतात. पानांत तयार झालेलें अन्न ज्या वाहिन्यांतून खालीं उतरतें, त्यांतच त्यांचें बिऱ्हाड असतें. म्हणून वर पिष्ट सांचतें आणि खालीं मुळें उपाशी मरतात. होल यांस रसाचा बिघाड दिसला, तो खरोखरच होता. त्यांनीं परिणामास कारण मानलें इतकेंच.

कारण कळलें म्हणून उपाय सांपडला असें झालें नाहीं. टेट्रासायक्लीन झाडांत भरलें तर कांहीं काळ हिरवीं, रुंद पानें फुटतात, पण औषध संपतांच रोग परततो. शिवाय रानांतल्या हजारों झाडांस तें देणार कोण? रोगट झाड शोधून काढून टाकणें हाच मुख्य इलाज राहिला, आणि तेथें राजवृक्षाचा कायदा आडवा आला. ज्या झाडावर आपली मालकी नाहीं, त्याच्या दुखण्याची वर्दी शेतकऱ्यानें कां द्यावी? बांधावर रोप दिसतांच तें गुपचूप उपटून टाकण्यांतच त्याचा फायदा होता. रोगाबरोबर चोरी आणि बेसुमार तोड यांचीही भर पडली, आणि १९९८ सालीं जागतिक निसर्गरक्षण संघानें या झाडाची गणना धोक्यांतील जातींत केली. २००१ सालीं कर्नाटकानें कायदा बदलून जमीनमालकास चंदनाची मालकी दिली. तेव्हांपासून खाजगी लागवड वाढली आहे. नव्या बागांतलीं रोपें कोठल्या मातृवृक्षाचीं आहेत हें पाहून घेण्याची संवय मात्र अजून सर्वत्र रुजलेली नाहीं, आणि केरळांतील मरयूरच्या राखीव रानांतही हा रोग शिरलेला आहे.