विचारणारा माणूस

रोहण्याहून आम्ही बोलतो आहोत. आज थोडा सिनेमाचा इतिहास सांगणार आहोत. "बचत गटाला सिनेमा कशाला?" असं म्हणाल, पण शेवटपर्यंत ऐका.

दुसरं महायुद्ध १९४५ साली संपलं. अमेरिका जिंकली, तरी तिथे त्या काळात पुष्कळ सिनेमे अंधारे निघाले. रात्रीचे ओले रस्ते, विकलेले पुढारी, लाच खाणारे पोलीस आणि कोणावरच भरवसा नसलेला नायक. १९४६ मध्ये फ्रान्समधल्या समीक्षकांनी त्यांना 'काळा सिनेमा' असं नाव दिलं. लढाईवरून परतलेल्या शिपायांना घर ओळखीचं वाटेना. युद्धात कारखाने चालवणाऱ्या कितीतरी बायांना शांतता होताच घरी बसवलं. त्यातल्या बऱ्याच सिनेमांत हुशार, स्वतःच्या पायावर उभी बाई हीच पुरुषाला खड्ड्यात घालणारी दाखवली. म्हणजे चीड व्यवस्थेची आणि बोट बाईकडे! हेही लक्षात ठेवा.

असा भ्रमनिरास आपल्याकडेही झाला. आपल्या वर्धा जिल्ह्याने स्वातंत्र्याचं स्वप्न फार जवळून पाहिलं. सेवाग्रामला गांधीजी राहिले. १६ ऑगस्ट १९४२ रोजी आष्टीला गोळीबारात माणसं शहीद झाली. पुढे स्वराज्य आलं. पण पंचवीस वर्षांनंतर, १९७२ च्या दुष्काळात, खडी फोडणाऱ्या हातांना प्रश्न पडला असेल की ते स्वप्न कुठे गेलं?

त्याच सुमारास 'सामना' हा मराठी सिनेमा आला. दिग्दर्शक जब्बार पटेल, लेखक विजय तेंडुलकर. १९७५ साली तो बर्लिनच्या महोत्सवातही गेला. निळू फुले त्यात हिंदुराव धोंडे पाटील झाले. साखर कारखाना त्यांचा, गाव त्यांचं, शब्दही त्यांचाच शेवटचा. श्रीराम लागू झाले मास्तर. दारूने खचलेला, फाटका माणूस. त्याच्याजवळ एकच हत्यार असतं, ते म्हणजे प्रश्न. मारुती कांबळे नावाचा माणूस गावातून नाहीसा झालेला असतो. त्याचं काय झालं, हे मास्तर पुन्हा पुन्हा विचारत राहतो.

पुढे १९७९ मध्ये जब्बार पटेलांचाच 'सिंहासन' आला. कथा अरुण साधूंच्या कादंबऱ्यांवरून घेतलेली. साधू आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यातल्या परतवाड्याचे, आणि स्वतः पत्रकार. या सिनेमात निळू फुले दिगू टिपणीस नावाचे पत्रकार आहेत. खुर्चीसाठी कोण कोणाला विकतो, हे सगळं त्यांना कळतं. पण कळून करता काहीच येत नाही. शेवटी त्यांच्या डोक्यावरच परिणाम होतो.

आम्हाला या दोघांत फरक दिसतो. दिगूला सगळं माहीत आहे. मास्तरला फारसं माहीत नाही, पण तो विचारतो. माणसाचा भ्रमनिरास झाला तर त्यात लाज नाही. ज्याने आशा ठेवली त्याचाच होतो. पण "सगळे सारखेच, बोलून काय उपयोग?" असं म्हणून आपण गप्प बसलो, की हिंदुरावांचं काम आपणच सोपं करतो.

आमच्या बायांनी 'सामना' मोबाइलवर एकत्र बसून पाहिला. सिनेमा संपल्यावर ग्रामसभेतल्या पुढाऱ्यांवर सगळ्या तोंडभर बोलल्या. तेवढ्यात एक आजी म्हणाल्या, "पुढाऱ्याचं राहू द्या. आपल्या गटातली ती बाई तीन महिने आली नाही. तिचं काय झालं, कोणी विचारलं का?"

आम्ही सगळ्या गप्प. तिचे हप्ते थकले होते, रजिस्टरमध्ये तिच्या नावापुढे लाल खूण होती. खूण आम्हीच केली होती, पण तिच्या दारात कोणी गेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी गेलो. नवऱ्याच्या आजारपणात पैसे संपले होते आणि लाजेपायी ती येत नव्हती. बैठकीत सगळ्यांच्या संमतीने तिला मुदत वाढवून दिली. त्यानंतरच ग्रामसभेत पाण्याच्या टाकीच्या खर्चाचा हिशेब मागायला आमचं तोंड उघडलं. हिशेब अजून मिळाला नाही. पुढच्या सभेला आम्ही परत विचारणार आहोत.

तुमच्या गावात कोणाबद्दल विचारायचं राहून गेलं आहे, मैत्रिणींनो? नमस्कार.